पाठ टेकली की कुस्ती संपते, मारामारी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ब्राझिलियन जिउ-जित्सूवर, म्हणजे जमिनीवर गळा आवळून नाहीतर हातपायाला कुलूप घालून हार मानायला लावणाऱ्या विद्येवर, लेख आला होता, त्याचा सूर असा की कुस्ती आता जत्रेपुरती उरलीय आणि खऱ्या मारामारीत जिउ-जित्सूच चालतं. मग बुधवारी एका वाचकाचं उलटं पत्र आलं, की लाल मातीतल्या पैलवानापुढे ही एकमेकांच्या कपड्याला लोंबकळणारी पोरं दोन मिनिटं टिकायची नाहीत. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मी दोन्ही केलंय. तेराव्या वर्षापासून ९ वर्षं पेठेतल्या तालमीत माती अंगाला लावली, आणि आता पंचेचाळिशीत, ३ वर्षं झाली, मुलीबरोबर बाणेरला जिउ-जित्सूच्या क्लासला जातोय.

पहिल्या दिवशीचं सांगतो. समोर सडपातळ पोरगा, आयटीतला, वजन असेल ६५ किलो, माझं ८२. मी वाकलो, सरळ एकेरी पट काढला, म्हणजे त्याचा एक पाय धरून ओढला, तो आडवा झाला आणि मला वाटलं झालं काम. तर पडता पडताच त्याने माझी मान काखेत धरली, पाय माझ्या कमरेभोवती आवळले आणि दहा सेकंदात मी हात आपटून सोड सोड करतोय. गिलोटिन म्हणतात त्याला. मातीत गळा आवळून कुणी जिंकत नाही, त्यामुळे पट काढताना मान कुठे राहते याची फिकीर या अंगाने कधी केलीच नव्हती.

दुसरी सवय त्याहून महाग पडली. मातीत पाठ लागली की कुस्ती गेली, म्हणून अडचणीत आलेला पैलवान पालथा होतो, पोट मातीला चिकटवतो आणि वरचा त्याला उलटवायला सवारी घालू दे नाहीतर घिस्सा मारू दे, तो दम धरून पडून राहतो. बरोबरच आहे, आम्हाला तेच शिकवलंय. पण जिउ-जित्सूत पालथं पडणं म्हणजे समोरच्याला आपली पाठ देणं, तो पाठीवर चढतो, पाय आत घालतो आणि मागून हात गळ्याखाली सरकवतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर धडधाकट माणूस साधारण दहा सेकंदात बेशुद्ध पडतो, तिथे छाती किती इंच आणि जोर किती मारता याला काही अर्थ राहत नाही. मला पहिले सहा महिने लागले फक्त ही एक सवय मोडायला.

आणि हे माझ्यासारख्या जुन्या गड्याचंच होतं असं नाही. रितू फोगट आपली किती चांगली कुस्तीपटू, २०२१ च्या डिसेंबरात सिंगापूरला मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे लाथा-बुक्क्या, कुस्ती, कुलुपं सगळं चालणाऱ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये स्टॅम्प फेअरटेक्सशी लढली, स्टॅम्प मूळची थायलंडची मुए थाई खेळणारी, म्हणजे लाथा-बुक्क्यांचा खेळ, तिने रितूचा हात पकडून आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारं कुलूप, लावला आणि रितूला हार मानावी लागली. १९९४ साली अमेरिकेत अशाच स्पर्धेत डॅन सेव्हर्न हा तगडा कुस्तीगीर ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्या ग्रेसी घराण्यातल्या रॉयस ग्रेसीवर जवळजवळ पंधरा मिनिटं वर बसून होता, आपल्या हिशोबाने तो जिंकतच होता, आणि खालच्या रॉयसने पायांचा त्रिकोण करून त्याची मान आवळली. घरचं उदाहरण घ्या, अक्रम पैलवान, इमामबक्षचा मुलगा म्हणजे गामाचा पुतण्या, १९७६ ला कराचीत जपानच्या इनोकीने त्याच्या हाताला असं कुलूप घातलं की हात गेला आणि लढत थांबवावी लागली. गामाच्या घरात कुस्ती कमी होती असं कोण म्हणेल?

पण म्हणून लेखातलं खरं ठरत नाही, आणि हे मी क्लासमध्ये तोंडावर सांगतो. जिउ-जित्सूची पोरं बहुतेक वेळ गुडघ्यावर बसून सुरुवात करतात, जागा कमी असते आणि पाडापाडीत दुखापत होते म्हणून. स्पर्धेत तर कित्येक जण समोरच्याची बाही धरून स्वतःहूनच खाली बसतात, त्याला गार्ड घेणं म्हणतात. मॅटवर ठीक आहे. आता हेच लक्ष्मी रोडवर पेव्हिंग ब्लॉकवर करा, समोरच्याचा मित्र बाजूला हेल्मेट घेऊन उभा असताना! खाली बसलेल्या माणसाला पळता येत नाही, आणि पळता येणं ही रस्त्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आमच्या खडाखडीत, म्हणजे उभ्याने होणाऱ्या झटापटीत, तासन्‌तास जे शिकवतात, पाय कुठे, वजन कुठे, समोरच्याचा हात मनगटात धरून त्याला कसा ओढायचा, त्याच्या काखेखालून मागे कसं जायचं, ते क्लासमध्ये आठवड्यातून एकदा वीस मिनिटं होतं. दोन वर्षं शिकलेल्या पोरालासुद्धा तालमीतला सोळा वर्षांचा पोरगा उभ्या उभ्या पाच वेळा पाडेल, मी पैज लावतो.

मागच्या गणपतीत आमच्या गल्लीत भांडण झालं. दारू प्यायलेला एक जण बाटली घेऊन अंगावर धावला. तालमीतला एक पोरगा बाजूला उभा होता, त्याने तो बाटलीचा हात बाहेरून धरला, त्याच हाताखालून घुसून मागे गेला, कंबर धरली आणि उचलून त्याला पालथा घातला, वर बसून राहिला. एवढंच. एक बुक्की नाही, कुणाचं डोकं फुटलं नाही, पोलीस येईपर्यंत तो तसाच. त्याने ढाक लावून, म्हणजे कमरेवरून उचलून, आपटला असता तर डांबरावर त्या माणसाची कवटी गेली असती आणि आपला पोरगा आज कोर्टाच्या फेऱ्या मारत असता. म्हणून परिणामकारक काय हे विचारताना हेही विचारा की भांडणानंतर काय होतं. माणसाला न मोडता धरून ठेवता येणं, हे दोन्ही विद्यांत आहे, कराटे-बॉक्सिंगमध्ये नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याने समोरच्याचं लवकर शिकून घेतलं तो जिंकला. ग्रेसींनी सुरुवातीला सगळ्यांना हरवलं कारण जमिनीवरचं इतर कुणाला येत नव्हतं. मग कुस्तीगीर गळा आणि हात वाचवायला शिकले, आणि १९९६-९७ मध्ये मार्क कोलमनसारखे कुस्तीवाले लागोपाठ जिंकायला लागले. आणि स्वतः ग्रेसींचं काय, ती विद्या मूळ जपानी मायेदा नावाच्या जुदोवाल्याने ब्राझीलला नेलेली. १९५१ ला किमुराने, तोही जुदोचाच, हेलिओ ग्रेसीला आधी उचलून उचलून आपटलं आणि मग हाताचं कुलूप लावून हात मोडला, हेलिओने टॅप केला नाही, म्हणजे हात आपटून हार मानली नाही, शेवटी भावाने टॉवेल टाकला. त्या कुलपाला आज जगभर किमुराच म्हणतात. किमुराकडे पाडणंही होतं आणि कुलूपही.

आपल्याकडेसुद्धा वस्ताद सांगायचे की कुस्तीचे प्रकार चार, हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती आणि जरासंधी, त्यातली जांबुवंती म्हणजे अंगाला कुलूप घालून समोरच्याकडून हार कबूल करून घ्यायची. म्हणजे आपल्याला हे परकं नाही, जत्रेतल्या निकाली कुस्तीत चीतपटच धरायची म्हटल्यावर ते मागे पडलं.

आणि मुलीबद्दल. ती १४ वर्षांची आहे. तिला मी जिउ-जित्सूला घातलं कारण मी ज्या तालमीत वाढलो तिथे मुलींना आत घेत नाहीत, हेच कारण, दुसरं काही नाही. पट काढायला मी तिला घरी गॅलरीत शिकवलं, डोकं वर, मान समोरच्याच्या छातीला चिकटलेली, आणि क्लासमधली तिच्याहून मोठी मुलंसुद्धा तिला आता खाली बसवत नाहीत, ती बसवते. हे मला तालमीत वस्तादांसमोर शिकवायचं होतं, तिच्या आजोबांनीही जिथे जोर मारले त्या मातीच्या हौदाच्या काठावर.

गेल्या महिन्यात वस्तादांना भेटलो, सगळं सांगितलं. ते आधी गप्प बसले, मग मला म्हणाले, ते गळ्याचं दाखव. दाखवलं. दोनदा दाखवायला लावलं. मग म्हणाले माडी मोकळीच असते, शनिवारी संध्याकाळी तुझी ती क्लासची पोरं आण आणि मुलीलाही आण, आमची पोरं त्यांना पाडायला शिकवतील, त्यांनी आमच्यांना गळा वाचवायला शिकवावा. हौदात मुलींचं काय ते पुढे बघू म्हणाले, मी ते विसरणार नाहीये.

माडीवर खाली फरशी आहे. कुणाच्या शाळेत किंवा मंडळात जुनी मॅट पडून असेल तर कृपया तुमच्या कार्यालयात कळवा, मी येऊन टेम्पोने घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे