प्लॅस्टिकबंदी आधी गोदामावर आणा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावी, भाजीबाजाराला लागूनच माझे किराणा दुकान आहे. प्लॅस्टिकबंदीबद्दल लोकांना काय वाटते, ते गल्ल्यावर बसून रोज कानावर पडते. म्हणून हे पत्र.

लोक बंदीच्या विरोधात नाहीत. 23 जून 2018 ला राज्यात अंमलबजावणी सुरू झाली, ते दिवस आठवा. दह्याला, मटणाला घरून डबा यायला लागला. माळ्यावरच्या कापडी पिशव्या खाली उतरल्या. मीही साखर पुन्हा कागदाच्या पुडीत बांधू लागलो. कुरकुर होती, पण बंदी खरी आहे असे वाटत होते तोवर लोकांनी ती पाळली. आठवडाभरातच किराणा मालाच्या पॅकिंगला सवलत मिळाली. ती गरजेचीच होती, पावसाळ्यात डाळ-साखर कागदात टिकत नाही. पण गिऱ्हाइकांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की सरकार ढिले पडले.

पुढे 1 जुलै 2022 पासून केंद्रानेही प्लॅस्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ बंद केले. पिशवीचे मात्र त्रांगडेच आहे. केंद्राचा नियम 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी नको म्हणतो, राज्याने तर 2018 लाच कॅरीबॅग सरसकट बंद केली. शेजारची भाजीवाली यातले काय लक्षात ठेवणार? समोरचा माणूस हात हलवत आलेला असतो, खिशात फक्त मोबाइल. मेथीची जुडी आणि पावशेर मिरची घालायला ती पोत्याखालून पिशवी ओढते. नाही म्हणाली तर तो पलीकडच्या गाडीवर जातो. मग पथक येते आणि पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. तिची दिवसाची विक्रीसुद्धा तेवढी होत नाही. त्या वेळी बाजारातली माणसे कोणाच्या बाजूने उभी राहतात, ते आपण एकदा येऊन बघावे. लोकमत फिरते ते तिथे.

सगळे एकच विचारतात : या पिशव्या येतात कुठून? आपल्याच अधिसूचनेत उत्पादन, वाहतूक आणि साठवणूक यांनाही बंदी आहे. केंद्राच्या 2016 च्या नियमांनुसार पिशवीवर उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली हवी. आमच्या बाजारात येणारी पिशवी कोरी असते. परराज्यातून माल येतो, असे सांगितले जाते. आला तरी तो टेम्पोनेच येतो, कुठल्या तरी गोदामात उतरतो आणि तिथून किलोवर विकला जातो.

माझी मागणी साधी आहे. दंडाची पावती फाडताना पिशवी कोणाकडून घेतली हे लिहून घ्यावे आणि तो माग कारखान्यापर्यंत न्यावा. किती गोदामांवर, किती कारखान्यांवर आणि किती हातगाड्यांवर कारवाई झाली, ते दर महिन्याला नगरपरिषदेच्या फलकावर लावावे. बाजाराच्या तोंडाशी बचत गटांनी शिवलेल्या पिशव्या अनामत घेऊन मिळाव्यात, पिशवी परत केली की पैसे परत. दुधाच्या पिशवीमागे किमान 50 पैसे परत देण्याची तरतूद 2018 च्या नियमात होती. आमच्याकडे ते कोणाच्या हातात पडलेले मी पाहिले नाही. ती तरतूद तरी आधी खरी करा.

पावसाळ्याआधी आमच्या जिल्ह्यातल्या एका तरी गोदामाला टाळे लागू द्या. बाजारात बंदी पाळून घ्यायला आम्ही दुकानदार तयार आहोत.

आपला,
एक किराणा दुकानदार