न विकलेल्या घोड्यांचे काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची छायाचित्रे आपल्या दैनिकात दरवर्षी पाहतो. अमक्या घोड्याला इतके लाख, तमक्या घोडीची उंची इतकी, कोणाचा पंचकल्याणी सगळ्यांत देखणा. वाचायला आवडते, कारण माझी पशुवैद्यकाची सारी नोकरी खानदेशात गेली. पण बाजार उठल्यावर ज्यांना गिऱ्हाईक मिळालेले नसते, त्या घोड्यांबद्दल कुठे दोन ओळी आलेल्या मला आठवत नाहीत. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. मात्र सुरुवात फार लांबून करावी लागणार आहे.

२०१९ च्या हिवाळ्यात मी आणि सौ. मुलीकडे कॅनडात कॅल्गरीला होतो. मी जनावरांचा डॉक्टर म्हटल्यावर तिच्या शेजारच्या बाईंनी एका रात्री मला विमानतळाच्या मालवाहू भागाकडे नेले. तारेच्या कुंपणाबाहेर पाच-सात माणसे हातात मेणबत्त्या घेऊन उभी होती. थंडी अशी की बोलताना ओठ जड व्हावेत. आत दिव्यांच्या उजेडात लाकडी खोकी ओळीने मांडलेली, वरून जाळी टाकलेली आणि एकेका खोक्यात तीन-चार घोडे. बेल्जियन, पर्शेरॉन अशा ओढकामाच्या थोराड जातींचे, सात-आठशे किलोचे एकेक जनावर. फोर्कलिफ्टने खोके उचलले की ते जरासे कलायचे आणि आतल्या सगळ्या टापा एकदम लाकडावर वाजायच्या. जाळीतून वाफ वर येत होती. ट्रकात गुरे भरताना-उतरवताना मी आयुष्यभर पाहिली आहेत, पण तो आवाज अजून कानांतून जात नाही.

ते घोडे जपानला चालले होते, कत्तलीसाठी. कुमामोतोच्या बाजूला घोड्याचे मांस कच्चे खातात आणि त्याला मोठी किंमत मिळते. तिथे उतरल्यावर काही महिने त्यांना खाऊ घालून पुष्ट करतात आणि मग कापतात. २०१३ पासून कॅनडाने असे ४० हजारांहून अधिक घोडे विमानाने पाठवले. कोणी काय खावे, यावर मला काही म्हणायचे नाही. माझे म्हणणे प्रवासाबद्दल आहे. मी तिथे होतो तेव्हाच्या नियमाप्रमाणे घोड्याला चारा, पाणी आणि विश्रांतीशिवाय ३६ तास नेता येत असे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा २८ तासांवर आली. त्यात ट्रकचा रस्ता आला, धावपट्टीवरची वाट पाहणे आले, अलास्कात इंधन भरायला थांबणे आले आणि जपानात उतरल्यावरचा ट्रकही आला.

२८ तास हा आकडा कागदावर बरा दिसत असेल, पण घोड्याच्या पोटाला तो कळत नाही. गाय भरपेट चरून निवांत रवंथ करते. घोड्याचे पोट लहान, त्याला दिवसभर थोडे थोडे खायला लागते. थोराड घोड्याला दिवसाला चाळीसेक लिटर पाणी सहज लागते. पाणी तुटले की आतड्यातला चारा घट्ट होऊन अडतो आणि पोटशूळ उठतो. त्याला उलटीही होत नाही, शरीराची घडणच तशी आहे. पोटशुळाने लोळणारा घोडा ज्याने रात्रभर सांभाळला असेल, त्याला मी काय म्हणतो ते उमगेल. त्यात ही मुळात भिऊन पळणाऱ्या जनावराची जात. पळायला जागाच नाही म्हटल्यावर शेजारच्याला चावणे, लाथा झाडणे, खोक्यात पडणे हे ओघानेच येते.

जपानला जातात ते घोडे बहुतेक त्यासाठीच पैदास केलेले असतात. नकोशा झालेल्या घोड्यांची वाट वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, दोन टेक्सासात आणि एक इलिनॉयमध्ये. प्राणिप्रेमींना साहजिकच आनंद झाला. पण शर्यतीतून उतरलेला, म्हातारा, लंगडा घोडा मालकाला नकोच होता. तो लिलावात गेला, कत्तलीच्या दलालाने घेतला आणि मेक्सिकोच्या किंवा कॅनडाच्या ट्रकात चढला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ च्या अहवालात नोंदवले की एकट्या २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार घोडे असे सीमेपार गेले. बंदीआधी देशात आणि सीमेपार मिळून जितके कापले जात, जवळपास तितकेच. बदलले ते इतकेच की मरणाआधीचा रस्ता शेकडो मैलांनी लांबला. पुढे हा आकडा बराच खाली आला. त्याचे एक कारण युरोपने २०१५ पासून मेक्सिकोचे घोड्याचे मांस घेणे थांबवले हे असावे. मेक्सिकोत कापलेले बहुतेक घोडे अमेरिकेतलेच असत आणि त्यांना कोणती औषधे दिली होती याचा पत्ताच लागत नसे. सांधेदुखीवर आम्ही सर्रास वापरतो ते फिनाइलब्युटाझोन हे औषध, ज्याचे मांस खायचे त्या जनावराला चालत नाही.

म्हणून कत्तलखाना बंद करा एवढीच मागणी मला अपुरी वाटते. जिवंत जनावराची कत्तलीसाठी निर्यात बंद झाली पाहिजे आणि नकोशा घोड्याची जवळच सोय झाली पाहिजे. दोन्ही एकदम.

हे होऊ शकते, याला पुरावा आहे. इंग्लंडच्या ॲडा कोल या बाईंनी १९११ मध्ये अँटवर्पच्या गोदीत इंग्लंडचेच थकलेले कामाचे घोडे जहाजातून उतरवून चाबकाने मैलोन्‌मैल कत्तलखान्याकडे हाकताना पाहिले. त्यांनी उरलेले आयुष्य या कामाला दिले आणि १९२७ मध्ये संस्था काढली. १९३० मध्ये त्या वारल्या. १९३७ च्या कायद्याने निर्यातीच्या घोड्याला किमान किंमत ठरवली गेली. मांसाच्या भावाने घेतलेला घोडा त्या किमतीला परवडेना, म्हणजे दलालाचा नफाच काढून घेतला. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधून घोड्यांसकट जनावरांच्या अशा जिवंत निर्यातीवर पुरती बंदी मात्र मे २०२४ मध्ये आली. अँटवर्पच्या त्या दिवसापासून मोजले तर ११३ वर्षे. कॅनडात तर सत्ताधारी पक्षाने २०२१ च्या निवडणुकीत बंदीचे वचन दिले होते. खासदार टिम लुई यांचे विधेयक मे २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहात संमतही झाले. पुढे ते सिनेटमध्ये रेंगाळले आणि जानेवारी २०२५ मध्ये संसदेचे सत्रच संपवले गेल्याने बाद झाले. त्या रात्री मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्यांची आठवण झाली आणि मन खट्टू झाले.

आपल्याकडे काय? २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे सव्वासहा लाख होती, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजार उरली. तांगे गेले, ओझी वाहायला टेम्पो आले. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, आणि ते योग्यच झाले. पण गाडी एका आदेशाने बंद होते, घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो.

एका लहान यात्रेतली गोष्ट सांगतो. वरातीची एक पांढरी घोडी होती, कपाळावर मेंदीचा लाल डाग अजून तसाच. पुढच्या दोन्ही खुरांना दाह, नखे वर वळलेली, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी. मालक गरीब माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी होते. “डॉक्टरसाहेब, एवढी एक सुई द्या न् मोकळी करा तिला,” म्हणाला. क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असह्य वेदनेतल्या जनावराला मोकळे करण्याची तरतूद आहे, पण ते औषध माझ्या पेटीत नव्हते. उद्या आणतो म्हणालो. सकाळी गेलो तर मालक निघून गेलेला, घोडी बाभळीला बांधलेली. दोराच्या टोकाला जेमतेम एक पेंढी चारा ठेवला होता. पाणी नव्हते. मी औषध घेऊन आलोच होतो, ते टोचले. रात्रभर ती तशीच उभी असणार. ती रात्र माझ्यामुळे तिच्या वाट्याला आली.

तेव्हापासून ते औषध पेटीत नाही असे मी कधी होऊ दिले नाही. प्रत्येक घोडेबाजारात ते आणि ते वापरण्याचा अधिकार असलेला डॉक्टर हवाच. शिवाय यात्रेच्या ठिकाणी विक्रीच्या प्रत्येक पावतीमागे थोडी रक्कम बाजूला काढून न विकलेल्या, टाकून दिलेल्या घोड्यांसाठी पागा चालवता येईल. लाखांची उलाढाल होते तिथे हे जड नाही.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची. जून २०२३ मध्ये केंद्राने पशुधन आयात-निर्यातीच्या नव्या कायद्याचा मसुदा काढला होता. १८९८ च्या जुन्या कायद्याच्या जागी तो यायचा होता. त्यात जिवंत जनावरांच्या निर्यातीला वाट होती आणि पशुधनाच्या व्याख्येत घोडे, गाढवे, खेचरे सगळी होती. लोकांनी आवाज उठवला आणि मसुदा मागे घेतला गेला. तो कधी ना कधी नव्या रूपात येईल. त्यात कत्तलीसाठी जिवंत जनावर देशाबाहेर पाठवण्यावर स्पष्ट बंदीचे कलम असावे, अशी माझी मागणी आहे.

गेल्या वेळी हरकतींसाठी जेमतेम दहा दिवस मिळाले होते. मसुदा पुन्हा निघाला तर आपल्या दैनिकाने तो पहिल्याच दिवशी सोप्या मराठीत छापावा आणि हरकत कुठे, कशी पाठवायची तेही सोबत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, जि. नंदुरबार