पुरवणीत छापखाना कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्रकार दिनाला तुम्ही मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासावर जी पुरवणी काढलीत ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, झाली छानच. बाळशास्त्री जांभेकर आणि १८३२ चं 'दर्पण', भाऊ महाजनांचा 'प्रभाकर', टिळक, अत्र्यांचा 'मराठा', सगळे आले. पण अख्ख्या पुरवणीत छापखाना नावाची गोष्टच नाही हो! संपादकांनी रात्री अग्रलेख लिहिला आणि सकाळी पेपर दारात पडला, मधलं काय भुताने केलं का?

माझे वडील गिरगावातल्या एका प्रेसमध्ये कंपोझिटर (छपाईसाठी अक्षरं जुळवणारे) होते म्हणून जरा जास्त लागलं असेल, पण मुद्दा तेवढाच नाहीये. मराठीचे खिळे (शिशाचे अक्षरांचे ठसे) जुळवणं म्हणजे इंग्रजीसारखं सव्वीस अक्षरांत भागत नाही, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, रफार, उकार, मात्रा, सगळ्याला स्वतंत्र खण, आणि हे सगळं डाव्या हातातल्या स्टिकमध्ये (ओळ जुळवायच्या पट्टीत) उलटं भरायचं नि उलटंच वाचायचं. वडील केसकडे (खणांच्या पेटीकडे) न बघता खिळा उचलायचे, हात आपोआप बरोबर खणात जायचा. छापून झालं की तेच खिळे धुवून परत एकेक आपल्या खणात टाकायचे, ते काम सगळ्यात कंटाळवाणं, नव्या पोराच्या गळ्यात पडायचं. आणि एखादा 'ष' चुकून 'प'च्या खणात पडला की दुसऱ्या दिवशी प्रुफात मजा.

आता मुंबईचाच इतिहास बघा. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर (दगडावरच्या छपाईने) मराठी पंचांग काढलं, शाईत चरबी असते म्हणून सनातनी मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नव्हती, तर म्हणे यांनी तुपाची शाई केली! जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासायला होते, त्यांनी पुढे १८६४ ला स्वतःची टाईप फाउंड्री (खिळे ओतायचा कारखाना) टाकली आणि १८६९ ला निर्णयसागर प्रेस. त्यांच्या अक्षरांचे साचे राणोजी रावजी आरू यांनी कोरले, ती वळणं बघितली की अजून डोळे निवतात, पण आरूंचं नाव आज किती जणांना माहीत आहे? फर्दुनजी मर्झबान तर मुळात बुकबाइंडर, १८१२ ला छापखाना काढला आणि १८२२ ला त्याच माणसाने गुजराती मुंबई समाचार सुरू केला, तो हॉर्निमन सर्कलजवळच्या त्या लाल बिल्डिंगमधून आजही निघतोय. म्हणजे आधी छापखाना आणि मग पेपर, तुमच्या पुरवणीत बरोबर उलटं वाटतं.

बरं, सरकार कधी मुद्रकाला विसरलं नाही. १८६७ च्या कायद्यानेही पेपरवर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण टाकणं सक्तीचं केलं. ते कौतुक म्हणून नव्हे, पकडायला सोपं जावं म्हणून. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबई हायकोर्टात टिळकांच्या बरोबरीने केसरीचे मुद्रक केशव महादेव बाळ पण आरोपी होते. ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. टिळकांवर तुम्ही अख्खं पान दिलंत (द्यायलाच पाहिजे), पण बाळांना एक ओळ सुद्धा नाही?

ऑफसेट छपाई आली, कॉम्प्युटर आला, खिळे किलोवर भंगारात गेले, त्याबद्दल रडायचं कारण नाही, वडील स्वतःच म्हणायचे की शिशात हात घालून कोणाचं भलं झालंय. पण ती माणसं अजून आहेत, रोटरीवर (पेपर छापायच्या मोठ्या मशीनवर) काम केलेले मशीनमन, प्रुफरीडर, कंपोझिटर, लालबाग परळपासून डोंबिवली विरारपर्यंत कुठेही भेटतील. तुमच्याच पेपरच्या जुन्या स्टाफपासून सुरुवात करा की. कोणती मशीन होती, एका तासात किती प्रती निघायच्या, रात्री उशिरा मोठी बातमी आली की लावलेलं पान कसं फोडायचे, हे त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून घ्या आणि रविवारी थोडं थोडं छापा. फक्त तुमच्या रिपोर्टरला सांगा, सकाळी जाऊ नको, सकाळी ही मंडळी पेपरातल्या छपाईच्या चुका काढत बसलेली असतात.

आपला,
एक जुना वाचक, गिरगाव