परिवहन मंत्र्यांस खुले पत्र : पास आहे, सवलत आहे, गाडी नाही

माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी माझी अकरावीत शिकणारी मुलगी वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक करणाऱ्या, जीपच्या मागच्या पायरीवरून पडली. जीपमध्ये चौदा माणसे बसली होती, मागे तिघे लटकत होते आणि त्या तिघांत ती एकटीच मुलगी होती. चढावरच्या वळणाला जीपने गचका खाल्ला आणि तिचा हात सुटला. उजवा हात मनगटाच्या वर मोडला, हनुवटीला पाच टाके पडले. जीपवाल्याने तिला उचलून रस्त्याच्या कडेला बसवले आणि बाकीच्यांना अंधार पडायच्या आत पोचवायचे आहे म्हणून तो पुढे निघून गेला. मी मोटारसायकलवरून तिथे पोचलो तेव्हा ती दप्तर मांडीवर घेऊन, डाव्या हाताने उजवा हात धरून बसली होती. मला पाहिल्यावर तिने आधी दप्तरातला पास जागेवर आहे का ते बघायला सांगितले.

तो पास प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला होता. अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यापाड्यांतल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत मिळतो, तो हा पास. सकाळी सातच्या गाडीला तिला तो दाखवता येतो. संध्याकाळी मात्र तो दाखवायचा कोणाला? तालुक्याहून आमच्या वाडीकडे साडेपाचला सुटणारी गाडी २०२१ च्या संपात बंद झाली, ती आजतागायत सुरू झालेली नाही. तो संप साडेपाच महिने चालला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. आमची गाडी तेवढी परतली नाही. तेव्हापासून माझी मुलगी येताना रोज तीस रुपये देऊन वडापने येते, म्हणजे मोफत पास असलेल्या मुलीच्या शिक्षणासाठी मी महिन्याला साडेसातशे रुपये भाडे भरतो. माझ्या आईचे वय ७९ आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास आहे, तिचेही कार्ड काढलेले आहे. दवाखान्यातून परत येताना तिला दोन माणसांनी धरून जीपमध्ये चढवावे लागते.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही बासष्ट पालकांनी सह्या करून अर्ज दिला. ज्या अधिकाऱ्यांच्या हाती तो दिला त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण एकट्या माणसाला उघडे पाडण्यासाठी हे पत्र नाही. त्यांनी आमच्यासमोर वही उघडली, नोंद केली आणि स्वातंत्र्यदिनापूर्वी फेरी सुरू होईल असा शब्द दिला. त्यानंतर आम्ही चार वेळा गेलो. चौथ्या वेळी आम्हाला सांगण्यात आले की या फेरीचे भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, बसत नाही.

महोदय, भारमान म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माझे वडील एसटीत वाहक होते, १९७४ साली लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. तिकिटांचा ट्रे गुडघ्यावर ठेवून ते रात्री वेबिलाचा हिशेब जुळवायचे आणि दहा पैसे कमी भरले तरी झोपायचे नाहीत. संध्याकाळची गाडी तालुक्याहून वाडीपर्यंत भरून येते आणि परत जाताना रिकामी जाते, म्हणून दोन्हींची सरासरी काढली की भारमान निम्म्यावर उतरते. याच अडचणीवर एसटीने पूर्वीच उपाय काढला होता आणि त्याचे नाव मुक्कामाची गाडी. गाडी रात्री गावातच थांबायची आणि सकाळी विद्यार्थी, दुधाच्या किटल्या, बाजाराला निघालेल्या बायका असे सगळे घेऊन भरून जायची. चालक-वाहक आमच्या मारुतीच्या देवळात झोपायचे आणि त्यांची भाकरी रोज एकेका घरून जायची. वडील स्वतः दुसऱ्या गावांत असेच मुक्कामाला असायचे, आणि तिथल्या माणसांनी पावसाळ्यात दिलेली कोरडी घोंगडी ते शेवटपर्यंत आठवत राहिले. आज चालक-वाहक मुक्कामाला नाखूश असतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही, कारण दिवसभर गाडी हाकलेल्या माणसाला धड झोपायची जागा आणि शौचालय नसेल तर त्याने का थांबावे? आमची ग्रामपंचायत एक खोली द्यायला तयार आहे, तिला शौचालय आहे, पंखा आहे. हेही अर्जात लिहिले होते.

म्हणून माझी तक्रार एसटीविरुद्ध नाही, एसटीला या अवस्थेला आणणाऱ्या धोरणाविरुद्ध आहे, आणि ते धोरण तुमच्या आणि तुमच्या आधीच्या सगळ्या सरकारांचे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. त्यानंतर १९५० साली मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला. त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये लोकांना कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट जुळवलेली वाहतूक सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य सांगितले आहे, आणि कलम २२ मध्ये महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर काम करावे असे म्हटले आहे. पंचाहत्तर वर्षे ही दोन कलमे एकमेकांशी भांडत आहेत आणि प्रत्येक सरकारने स्वतःच्या सोयीचे कलम वाचले आहे. निवडणूक जवळ आली की कलम १८ आठवते, सवलती जाहीर होतात. फेरी मागायला गावकरी आले की कलम २२ पुढे केले जाते.

सवलतींना माझा विरोध नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले तेव्हा आमच्या वाडीतल्या कित्येकजणी वर्षानुवर्षांनी माहेरी जाऊन आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु सवलत जाहीर करायची तुम्ही, तिची प्रतिपूर्ती करायची तुमच्याच खजिन्याने, आणि ती रक्कम यायला उशीर झाला की डिझेलची चणचण सोसायची महामंडळाने, ही कोणत्या व्यापाराची तत्त्वे आहेत? त्यावर त्याच एसटीच्या तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे शासन घेत आले. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढवले. त्याच वर्षी सरकारच्या श्वेतपत्रिकेतून संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे समोर आले. या दहा हजार कोटींत आमच्यासारख्या वाड्यांवर धावलेल्या गाड्यांचा खर्च किती आहे आणि शासनाच्या निर्णयांचा भार किती आहे, हे वेगळे काढून का दाखवले जात नाही? शाळा तोट्यात आहे असे कोणी म्हणत नाही. मग मुलीला शाळेत नेणारी गाडी तोट्यात कशी धरली जाते?

आता वडापविषयी. ज्या खात्याच्या ताब्यात एसटी आहे, त्याच परिवहन खात्याच्या ताब्यात जीपचा परवाना आणि तिची तपासणीही आहे. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहने उभी करू नयेत असा नियम आहे, आणि आमच्या तालुक्याच्या गावी जीप स्थानकाच्या फाटकालगत रांगेने उभ्या असतात. खासगी ट्रॅव्हल्सने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारू नये असा शासन निर्णय २०१८ साली निघाला. दिवाळीत माझा भाऊ मुंबईहून आला तेव्हा त्याला त्याहून किती तरी जास्त मोजावे लागले. गाडी रद्द होते, तिच्या जागी जीप उभी राहते, जीप भरते म्हणून गाडीचे भारमान पडते, आणि भारमान पडले म्हणून पुढची गाडी रद्द होते. हे चक्र तुमच्या खात्याच्या डोळ्यांसमोर फिरते आहे, आणि त्यात माझ्या मुलीचा हात सापडला. रात्री ती झोपेत कण्हते. पत्नी तिची वेणी घालून देते, मी तिच्या वह्या उतरवून घेतो. प्रात्यक्षिके बुडत आहेत. आता तिची आजीच म्हणू लागली आहे की पोरीला घरी बसवा, एवढी जिवावरची शाळा कशाला. हे वाक्य आमच्या घरात कधीच कोणी उच्चारले नव्हते. मंत्रिमहोदय, बेटी पढाओचे फलक तुम्ही लावता, आणि बेटीला घरी बसवा असे म्हणण्याची वेळ तुम्ही आमच्या म्हाताऱ्यांवर आणता.

आम्ही वातानुकूलित गाडी मागत नाही, विजेवरची मागत नाही. संध्याकाळी साडेपाचला एक साधी लाल गाडी द्या, ती रात्री वाडीत मुक्कामाला ठेवा आणि सकाळी सातला तिथूनच सोडा. यापुढे कोणत्याही गावाची शेवटची फेरी बंद करायची असेल तर आधी त्या गावच्या ग्रामसभेपुढे कारण मांडण्याची सक्ती करा. आणि बासष्ट सह्यांच्या अर्जाला लेखी उत्तर द्या, मग ते नकाराचे असले तरी चालेल.

मुलीचे प्लॅस्टर पाच आठवड्यांनी निघेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तोपर्यंत रोज संध्याकाळी मी शेतातले काम टाकून तिला मोटारसायकलवरून आणीन. आमच्या गल्लीतल्या आणखी चार मुली मात्र कालही त्याच जीपच्या मागच्या पायरीवर उभ्या होत्या.

आपला,
एक पालक आणि एसटीच्या निवृत्त वाहकाचा मुलगा