"आधी हात दाखवा" म्हणणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

तुम्हाला समोर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषयच उडवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता उडवून दाखवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अण्णा म्हणजे आमच्या गल्लीत राहणारे रिटायर्ड पशुधन पर्यवेक्षक. ३४ वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढलीत, सगळा जन्म गाई-म्हशी-शेळ्यांच्यात गेला, आणि मांजर या प्राण्याबद्दल त्यांचं मत "दुधावर डोळा ठेवणारी जात" एवढंच आहे. आणि माझ्या मांजरीचं दुखणं ओळखलं ते यांनीच.

खारी आम्हाला जूनमध्ये पहिल्या पावसात सापडली, माझ्या स्कूटीखाली. रंग खारी बिस्किटासारखा म्हणून नाव खारी. वजन ९०० ग्रॅम, आवाज मात्र ९ किलोचा. पंधरा दिवस सगळं छान आणि मग डाव्या कानामागचे केस गेले, रुपयाएवढा गोल टक्कल पडलेला भाग, त्यावर बारीक कोंडा. आईला वाटलं कुठेतरी घासलं असेल. चार दिवसांत पापुद्रे निघायला लागले, म्हणजे नाव खारी आणि कातडीपण खारीसारखी, आम्ही त्यावर हसलोसुद्धा, आता आठवलं की लाज वाटते.

दवाखान्यात नेलं. कुठल्या ते नाही सांगत, त्या डॉक्टरांशी माझं भांडण नाही, त्यांच्याकडे रांग लागलेली असते आणि दोन मिनिटांत जेवढं दिसतं तेवढं त्यांनी बघितलं. "ॲलर्जी आहे", एक इंजेक्शन, एक मलम. आठ दिवसांत लाली गेली, खाज गेली, आम्ही खूष. दवाखान्यातून आल्याला दहा-बारा दिवस झाले आणि नाकावर एक आणि पुढच्या पायावर दोन. परत नेलं, परत इंजेक्शन, परत बरं, परत दहा-बारा दिवसांनी शेपटीच्या मुळाशी. तिसऱ्यांदा खाणं बदलायला सांगितलं, चिकन बंद. खारीने दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

मध्ये मध्ये लोकांचे सल्ले होतेच. हळद आणि खोबरेल लाव. कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घाल. एकीने तर खोबरेलात कापूर घालून चोळायला सांगितलं, आणि मी ते करणार होते अण्णा, वाटी काढून ठेवली होती. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटते आणि कापूर तिच्यासाठी विष आहे हे नंतर कळलं. फरशी पुसायच्या फिनेलचंही तेच, माणसाचं शरीर जे पचवून बाहेर टाकतं त्यातलं बरंच मांजराच्या लिव्हरला जमत नाही. आमच्याकडे रोज फिनेलनेच पुसायचे आणि खारी ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटत बसायची. ते बंद झालं तेही तुमच्यामुळेच.

मग तुम्ही आलात. गणपतीची वर्गणी घ्यायला. पावतीपुस्तक हातात, मी पैसे आणायला आत गेले, बाहेर येते तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून खारीच्या कानाकडे बघताय. मी सुरू केलं, ॲलर्जी आहे, तीनदा इंजेक्शन झालंय, खाणं बदललंय. तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे, एकदम म्हणालात, "मांजर नंतर बघू. आधी घरातल्या सगळ्यांचे हात दाखवा."

मला वाटलं चेष्टा करताय. मी दोन्ही हात पुढे केले, काही नव्हतं. आणि आईने पदर पुढे ओढून उजवा हात झाकला.

तो क्षण मी विसरणार नाही. तुम्ही तिला काही टोचून बोलला नाहीत, दम दिला नाहीत, एवढंच म्हणालात, "वहिनी, गवळ्यांच्या घरात मी हेच बघत आलोय. वासराच्या डोळ्याभोवती राखाडी खपल्या धरल्या की पहिलं धारा काढणाऱ्याचा हात बघायचा. त्यात लाजायचं काय?" मग आईने हात दाखवला. कोपराच्या आत दोन चट्टे, नायट्याचे. खारीलाही तोच, बुरशीचा, मांजरापासून माणसाला लागणारा. दीड महिना झाला होता. तिने मला सांगितलं नव्हतं कारण तिच्या डोक्यात नायटा म्हणजे अस्वच्छपणा, आणि "मांजर आणल्यापासून झालं" असं म्हटलं तर मी खारीला सोडून येईन ही भीती. म्हणजे मांजर नको नको म्हणणारी ती, आणि लपवत होती मांजरासाठी!

वरून ती मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावत होती, विदाउट प्रिस्क्रिप्शन, ती तसली मिक्स क्रीम, त्यात बुरशीचं औषध पण असतं, अँटिबायोटिक पण आणि जोरदार स्टेरॉइड पण. लावलं की खाज थांबते, लाली जाते, चट्ट्याची कडा पुसट होते, बरं झालं म्हणून थांबवलं की महिन्याभरात दुप्पट. ट्यूब वाचून तुम्ही म्हणालात, "म्हणजे मांजराला आणि तुम्हाला दोघींना एकच चूक चाललीय." स्टेरॉइडने सूज दबते पण बुरशीशी लढणारी शरीराची ताकदही दबते, बुरशी मात्र जिवंत राहून पसरते. तीन महिने मी "रिॲक्शन कशाची" शोधत होते, चिकनची, वाळूची, डिटर्जंटची, आणि उत्तर आईच्या पदराखाली होतं.

तुम्ही तिथेच सांगितलंत की मी डॉक्टर नाही, औषध मी सांगणार नाही, तपासणी करून घ्या. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. आईला स्किनच्या डॉक्टरकडे आणि खारीला शिरवळच्या व्हेटरनरी कॉलेजला, आमच्या कराडपासून शंभरेक किलोमीटर, एसटीने नको, पावसात भिजेल, म्हणून तुमच्या भाच्याची गाडीसुद्धा तुम्हीच ठरवून दिलीत.

जायच्या आधी मी एक शहाणपणा केला होता तो इथे कबूल करते. कुठेतरी वाचलं की निळ्या दिव्याखाली ही बुरशी चमकते, तर ऑनलाइन २५० रुपयांचा नोटा तपासायचा टॉर्च मागवला. रात्री लाइट घालवून खारीवर मारला तर काय, अख्खी खारी चमकतेय, सोफा चमकतोय, माझा कुर्ता चमकतोय, आईचे चट्टे चमकतायत! रात्री साडेदहाला तुम्हाला फोन. तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. दुसऱ्या दिवशी समजावलंत की त्यात धागे, साबण, मलम, कोंडा सगळंच चमकतं. डॉक्टर बुरशी बघायला वापरतात त्या खऱ्या वूड्स लॅम्पचा प्रकाश ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि त्यात कातडी बघायची नसते, केस बघायचा, कोवळ्या कैरीसारखा हिरवा आणि मुळापासून चमकणारा. शिरवळला डॉक्टरांनी अंधार करून दाखवलं तेव्हा तसेच चार-पाच केस दिसले, कानामागे, काड्यांसारखे. सुंदर दिसत होते खरं तर. डॉक्टर म्हणाले नशीब आहे, कारण सगळ्या जातीच्या बुरशा चमकत नाहीत आणि चमकलं नाही म्हणजे रोग नाही असंही नसतं. मांजरांत बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची असते, ती बहुधा चमकते. तुमच्या वासरांची वेगळी जात, पण खोड तीच.

मग नवा कोरा टूथब्रश घेऊन खारीला दोन-तीन मिनिटं सगळीकडून विंचरलं आणि तो ब्रशच कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये त्यावरून बुरशी वाढते का बघायला. मी म्हटलं रिपोर्ट उद्या का? तर ते म्हणाले दोन-तीन आठवडे, बुरशीला वाढायला वेळ लागतो. उपचार मात्र लगेच सुरू केले. पोटात इट्राकोनाझोलचं पातळ औषध, वजनावर मोजून, एक आठवडा द्यायचं एक आठवडा बंद, असे तीन फेरे. माणसांची कॅप्सूल फोडून अंदाजाने द्यायची नाही हे तीनदा बजावलं. (हे वाचून कुणी आपापल्या मांजराला स्वतःच डोस देऊ नका प्लीज, लिव्हरची तपासणी वगैरे असते.) आणि आठवड्यातून दोनदा औषधी शांपू, फेस करून १० मिनिटं अंगावर ठेवायचा. १० मिनिटं! ओल्या मांजराबरोबर १० मिनिटं म्हणजे किती हे ज्याने काढलीत त्यालाच माहीत. आई तेवढ्या वेळात मनाचे श्लोक म्हणायची, खारी शिव्या द्यायची.

आता खरा मुद्दा. सहा आठवड्यांनी केस आले, खपल्या गेल्या, आईचा हात स्वच्छ. चेकअपला शिरवळला जाऊन आलो, डॉक्टर खूष. आणि बरोब्बर बारा दिवसांनी उजव्या कानामागे परत एक चट्टा. मी पायरीवर बसून रडले अण्णा, हे तुम्हाला आईने सांगितलंच असेल. मला वाटलं आता हे आयुष्यभर.

तुम्ही कॅलेंडर मागितलंत. आमचं भिंतीवरचं, ज्यावर मी दूध, गॅस, दवाखाना सगळं लिहिते. पेन्सिलने तुम्ही प्रत्येक चट्ट्याच्या तारखेला टिंब केलंत आणि प्रत्येक दवाखान्याच्या तारखेला रेघ. रेघ, दहा-बारा दिवस, टिंब. रेघ, दहा-बारा दिवस, टिंब. दरवेळी! मी म्हटलं म्हणजे दवाखान्यातून लागतंय? तुम्ही म्हणालात, "दवाखान्यात नेतेस कशातून?"

टोपली. बाजाराची झाकणाची प्लास्टिकची टोपली, आत आईच्या जुन्या गोधडीचा तुकडा. घर मी घासून काढलं होतं, चादरी धुतल्या होत्या, पण टोपली माळ्यावर असायची आणि फक्त दवाखान्याच्या दिवशी खाली यायची. पहिल्या चट्ट्याच्या दिवसापासून तिच्यात खारीचे केस पडत होते. गळलेल्या केसावर ही बुरशी वर्षभरसुद्धा टिकू शकते हे मी वाचलं होतं, वाचलं होतं हो, पण माळ्यापर्यंत डोकं गेलं नाही. म्हणजे बरं करायला नेत होते आणि नेता नेता पुन्हा लावत होते.

त्यानंतरचे दोन दिवस तुम्ही आमच्याकडून जे करून घेतलंत ते एखाद्या जनरलने करून घ्यावं तसं. झाडू बंद, झाडूने केस उडतात, आधी चिकटपट्टीने केस उचला मग ओलं फडकं, मग पातळ ब्लीच, खारी दुसऱ्या खोलीत आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत दार बंद. टोपली सरळ फेकायला लावलीत. गोधडीचा तुकडा पण फेका म्हणालात आणि तिथे आई अडली, कारण त्यात आजीच्या नऊवारीचा पदर आहे. तुम्ही एक मिनिट गप्प बसलात आणि शिरवळला फोन लावलात. कळलं की उकळायची गरज नाही, मशीन अर्धीच भरायची म्हणजे कापड नीट घुसळलं जातं, आणि लांब सायकलवर दोनदा धुवायचं, केस निघून गेले पाहिजेत. ती गोधडी वाचली.

आणि खारीला एका खोलीत ठेवायची वेळ आली तेव्हा मी तिला एकटी कोंडणार होते. तुम्ही, दुधावर डोळा ठेवणारी जात म्हणणारे तुम्ही, म्हणालात की एवढंसं पिल्लू महिनाभर माणसाशिवाय राहिलं तर बुजरं होतं, जुना गाऊन घाल, तिच्यापाशी बस, बाहेर आल्यावर गाऊन धुवायला टाक, हात धू. मी ऑफिसचे कॉल त्या खोलीतून घेतले, कॅमेरा बंद ठेवून, त्याच फाटक्या गाऊनमध्ये.

पहिला निगेटिव्ह कल्चर दिवाळीनंतर आला. दुसरा गेल्या सोमवारी. केस आले म्हणजे बरं झालं हे समजून मी आधी दोनदा फसले होते म्हणून दुसऱ्याची वाट बघितली आणि मगच हे लिहायला घेतलं. खारी आता २ किलो ४०० ग्रॅम आहे. आईच्या हातावर पुसट डाग राहिलाय, तो ती आता सगळ्यांना मुद्दाम दाखवते, परवा भिशीत दाखवला, तर दोघींनी आपापल्या ट्यूब पर्समधून काढून दाखवल्या. दोघींना तिने डॉक्टरकडे पिटाळलंय.

तुम्ही फी घेतली नाहीत, गाडीचं पेट्रोल घेतलं नाहीत, दिवाळीचा डबा घेतलात तो पण चकल्या आहेत का विचारून. तर आता ऐका. नवीन टोपली आणलीय, धुता येईल अशी, आणि तो नोटा तपासायचा टॉर्च मी तुमच्या मंडळाला देऊन टाकतेय, वर्गणीच्या नोटा तपासायला. रविवारी संध्याकाळी या. चहा टाकते. खारी तुमच्या मांडीवर बसणार आहे, तुम्हाला आवडो न आवडो.

तुमची,
खारीवाली