बाबा, चर्चला कुलूप का होतं ते सांगते

नागपूर
त्रैक्य रविवार, ३१ मे २०२६

ती. आई आणि बाबा यांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही “पन्नासाव्या दिवसाच्या सणाला आपल्या चर्चला कुलूप होतं म्हणे” एवढंच म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. बातमी पुण्यापर्यंत कोणी पोचवली ते विचारत नाही. आपल्या मंडळीत कोण कुठल्या वेळी कोणाला फोन लावतं ते मला माहीत आहे. फोनवर बोलायला गेले असते तर आपलं वाजलं असतं, म्हणून कागद घेतला.

कुलूप होतं, खरं आहे. २४ तारखेलाही होतं, म्हणजे ईस्टरनंतरच्या त्या पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, आणि १० तारखेलाही. पण उपासना दोन्ही रविवारी झाली, फक्त रेल्वेलाइनीपलीकडच्या मंडळीच्या चर्चमध्ये. आपण आणि ते, दोघांनी मिळून मे महिना काढायचं ठरलं होतं. एक रविवार आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. वेळ सकाळी सातची, आणि संध्याकाळची उपासना महिनाभर बंद. इथलं ऊन तुम्हाला मी काय सांगू? २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी तुम्ही भर दुपारी बाराला कमिटीची बैठक लावली होती. दोन काका चक्कर येऊन बसले, तरी तुमचा ताळेबंद वाचून पूर्ण झालाच.

पण हे उन्हामुळं झालं असं समजू नका. उन्हात आपण नेहमीच निभावलं आहे. ठरलं ते ईस्टरनंतरच्या बैठकीत. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारपासून हिशेब लावा. पवित्र आठवड्यात रोज संध्याकाळी प्रार्थना, गुरुवारी प्रभुभोजन, शुक्रवारी तीन तासांची उपासना, रविवारी पहाटे कबरस्तानात, लगेच चर्चमध्ये, मग लग्नसराई. प्रत्येक ठिकाणी भजनाच्या पेटीवर मावशीच. बैठकीत कोणीतरी सहज विचारलं, “मावशी, काकांच्या शेजारी बसून तुम्ही शेवटची उपासना कधी ऐकली?” त्या हसल्या, आठवू लागल्या आणि त्यांना काही आठवेना. काकाही वर बघत बसले. त्यानंतर बैठकीत पुढचा विषय घ्यायला कोणी तयार होईना.

मग पाळकीणबाईंनी फळ्यावर कामं लिहायला सुरुवात केली. फुलं, चहा, संडे स्कूल, कूलरचं पाणी, दानार्पणाची मोजणी, आजाऱ्यांच्या भेटी, माइक, कबरस्तानाचं गवत. प्रत्येक कामापुढं नाव लिहिलं. रविवारी साठ-सत्तर माणसं येतात आपल्याकडे, आणि फळ्यावर तीच आठ-नऊ नावं फिरून फिरून आली. मोठ्या मंडळीत एक माणूस दमला तर दुसरा सापडतो. आपल्याकडे दमलेला माणूस सुटी मागत नाही, कारण आपण उठलो तर खुर्ची रिकामी राहणार हे त्याला दिसत असतं. तुम्ही एवढी वर्षं खजिनदार राहिलात ते हौसेनं, की दुसरं कोणी नव्हतं म्हणून? खरं सांगा.

म्हणून दोन मंडळ्यांनी कामं वाटून घेतली. आपल्याकडे उपासना असली की पेटी त्यांची, चहा त्यांचा, संडे स्कूल त्यांचं. त्यांच्याकडे असली की सगळं आपलं. मावशींच्या वाट्याला दोनच रविवार यायचे होते, त्यातला एक त्यांच्या भाचीनं घेतला. मावशी मधल्या दिवसांत भोपाळला लेकीकडे जाऊन आल्या. मे महिन्यात!

आता गंमत ऐका. भजनं तीच, पुस्तक तेच, पण चाली वेगळ्या! त्यांची चाल झपझप जाते, आपली बैलगाडीच्या वेगानं. पहिल्या रविवारी दुसऱ्या कडव्यात त्यांची माणसं पुढच्या ओळीत आणि आपली अजून मागचीच ओळ ओढतायत. पेटीवर त्यांचा पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. तो बिचारा थांबला, मान वर करून दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, “काय करू जी? कोनाची धरू?” मागच्या बाकावरून आपले रेल्वेतले काका गरजले, “जिच्यात जास्त म्हातारे आहेत तिची धर!” आख्खं चर्च हसलं. धरली आपली, हे सांगायला नकोच. पण दोन रविवारांनंतर आम्हीच थोडे भरभर म्हणायला लागलो, आणि बाबा, तुम्हाला आवडणार नाही, पण ते भजन त्या चालीत जास्त खुलतं.

तुमचं ठरलेलं वाक्य मला पाठ आहे: “मिशनऱ्यांनी कधी सुटी घेतली होती का?” घेतली होती, बाबा. तुम्ही हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी, तुम्हाला मी काय सांगणार? १८४५ साली नागपुरात आलेले तुमचे मिशनरी हिस्लॉपसाहेब मोकळा वेळ मिळाला की टाकळीच्या बाजूला दगडांतले जीवाश्म शोधत हिंडायचे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात बुडाले, तेही तिथली जुनी शिळावर्तुळं बघायला गेले होते तेव्हाच. आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर मध्य प्रांताचं सरकारच पचमढीला उठून जायचं. गोऱ्या मिशनऱ्यांनाही थंड हवेच्या ठिकाणांची सोय होती. ती नव्हती आपल्या देशी उपदेशकांना आणि घरोघर वचन सांगणाऱ्या बायबलबायांना. ते याच उन्हात, डोक्याला ओला पंचा बांधून गावोगाव फिरले. आपण त्यांची नातवंडं-पतवंडं, म्हणून विसावा म्हटला की आपल्याला चोरी केल्यासारखं वाटतं.

चौकीदारभाऊंचं तर कोणाच्या लक्षातच नव्हतं, फळ्यावरही त्यांचं नाव नव्हतं. आपल्या चर्चचा रविवार त्यांच्याच हातानं सुरू होतो. पहाटे दार, मग झाडू, मग कूलरच्या टाक्या, शेवटी पुन्हा दार. आपण शब्बाथ पाळावा म्हणून तो माणूस वर्षानुवर्षं रविवारी राबतो, आणि तो आपल्या धर्माचाही नाही. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातलं बारावं वचन काढून बघा. सातव्या दिवशी तू थांब, ते कशासाठी? तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, तुझ्या दासीच्या मुलाला आणि तुझ्याकडे राहणाऱ्या परक्याला हुश्श करता यावं, यासाठी. म्हणजे आज्ञा आहे मालकाला, आणि सुटी आहे राबणाऱ्यांची. मी हे वचन लहानपणापासून ऐकत आले, पण आमच्या चौकीदारभाऊंपर्यंत ते कधी पोचलं नव्हतं.

त्यांना पगारी रजा दिली तर तेच अडून बसले. “मी जातो जी साकोलीले, पन झाडाइले पानी कोन देईन?” पोट्ट्यांनी पाळी लावली. एकदा चुकली, कर्दळी वाळल्या. बाकी सगळं शाबूत आहे, आंब्याला तर यंदा भरपूर लागले. भाऊ परत आले आणि आल्याबरोबर कर्दळीवरून पोट्ट्यांना झाडलं.

तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते पन्नासाव्या दिवसाचं, हे मला कळतं. मंडळीचा जन्मदिवस आणि मंडळीच्याच दाराला कुलूप. पण त्या सकाळी काय झालं ते ऐका. पाळकसाहेब रजेवर, त्यामुळं प्रभुभोजन नव्हतं. ते आता ७ जूनला. उपदेशाला त्यांच्या मंडळीतल्या एक बाई उभ्या राहिल्या. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. त्या सणाला शिष्यांवर उतरलेल्या अग्नीच्या जिभांबद्दल दोनच वाक्यं बोलल्या, म्हणाल्या उद्यापासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतोय, आगीचं काय सांगायचं. आणि मग मार्काच्या सहाव्या अध्यायावर गेल्या.

शिष्य गावोगाव फिरून दमून आले आहेत, जेवायलाही सवड नाही. येशू म्हणतो, चला, जरा एकांतात, थोडं थांबा. होडीतून निघतात, तर लोक पायी धावत त्यांच्या आधीच पलीकडे हजर. गेली सुटी! मग पाच भाकरी, दोन मासे, हिरव्या गवतावर पंगती. इथवर आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं आहे. बाई म्हणाल्या, त्याच्यापुढं वाचा. जेवणं झाल्यावर येशूनं शिष्यांना जबरदस्तीनं होडीत बसवून पुढं पाठवलं आणि एवढ्या लोकांना निरोप द्यायचं काम एकटा करत मागं राहिला. “रात्रपाळीत कोणी मला म्हणतं ना, सिस्टर तुम्ही जा, उरलेलं मी बघते, तेव्हा मला हा अध्याय समजतो,” एवढं बोलून त्या बसल्या. शिष्यांना पुढं वारा लागला ते वेगळं. पण इतक्या वर्षांत कोणत्याही पाळकानं मला ती ओळ दाखवली नव्हती.

आणि बाबा, कुलपाचं तुम्ही बोलावं? २९ नोव्हेंबर १९७० ला इथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात बावीस वर्षांचे तुम्ही गर्दीत उभे होतात. सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस आपापल्या पाट्या बाजूला ठेवून उत्तर भारतीय मंडळी झाली, हे तुम्ही आम्हाला दर वर्षी सांगत आलात. अँग्लिकनांनी काय सोडलं, बाप्टिस्टांनी काय धरलं, सगळं. सहांचं एक झालेलं ज्यानं डोळ्यांनी बघितलं, त्याला दोन मंडळ्यांनी एक महिना एका बाकावर बसलेलं सोसवू नये?

आई, आता तुझ्यासाठी. महिला मंडळानं मे महिन्यात चहा नाही, सेल नाही, काहीच नाही असं ठरवलं होतं. आठवड्याच्या आत सगळ्या बायका हॉलच्या गच्चीवर. म्हणे कुरडया घालू! मी म्हटलं, हा विसावा? तर एक मावशी म्हणाल्या, “घरी एकटीनं केलं तर काम, इथं कोन करून राहिलं काम?” गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं. वाटून, चोथा काढून चीक रात्रभर निवळू दिला. पहाटे चारला वरचं पाणी ओतलं आणि शिजवायला घेतला. तो चिकाचा मोठा गंज जिन्यावरून वर चढवायचं काम पुरुषांना दिलं, त्यांनी अर्ध्या जिन्यात दोनदा टेकवला. तांबडं फुटायच्या आत जुन्या लुगड्यांवर रांगाच्या रांगा. ऊन चढलं तशा आम्ही हॉलमध्ये येऊन गार फरशीवर आडव्या झालो, उरलेला चीक तेल घालून वाट्यांतून खाल्ला, आणि जी काही झोप लागली म्हणतेस! पलीकडच्या मंडळीतल्या बायका चिकात जिरं घालतात. मला नाही पटलं. तुला पटेल का ते कळव, कारण दोन्ही प्रकार पाठवतेय. दादाचे एक मित्र गरीबरथनं जाणार आहेत, त्यांच्याकडे डबा देईन. वर ठेवायला सांग, चुरा नको व्हायला.

संध्याकाळची उपासना बंद झाली तर लोकांनी आपणहून गच्च्यांवर प्रार्थना सुरू केल्या. पाणी मारून गच्ची निवली की चटया टाकायच्या, एक भजन, एक वचन, प्रार्थना, मग कैरीचं पन्हं. ज्या आजींना पायऱ्यांमुळं चर्चला येता येत नाही, त्यांच्या अंगणात दोनदा झाली. त्या तुमची दोघांची फार विचारपूस करत होत्या.

दानार्पणाचा आकडा तुम्ही विचारणारच. कमी झालंय, दर मे महिन्यात होतं तेवढंच, जास्त नाही. वीजबिल मात्र बरंच उतरलं. एकत्र दानार्पणाची वाटणी कशी करायची यावर दोन्ही खजिनदारांचं थोडं वाजलं, शेवटी ज्याच्या चर्चमध्ये उपासना त्याचं दान असं ठरलं. मला वाटतं तुम्ही असता तर निम्मं-निम्मं केलं असतं.

आणि हो, दादा म्हणत होता की तिथल्या मंडळीचे हिशेब तुम्ही बघायला घेतलेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! तिथं दोनशे कुटुंबं आहेत, दुसरा माणूस मिळणार नाही असं नाही. जूननंतर वह्या परत देऊन टाका. आईला संध्याकाळी बागेत घेऊन जात जा, ती एकटी जायला कंटाळते आणि तुम्हाला सांगत नाही.

उत्तर पत्रानंच द्या. फोनवर तुम्हाला चिडायला फार सोपं जातं.

मुलांचा दोघांना सलाम. जावईबापूंचाही.

तुमची लाडकी,
बेबी

ता. क. बाबा, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्याची दुसरी किल्ली तुमच्याबरोबर पुण्याला गेली आहे का? जुन्या लग्नांचं रजिस्टर त्यात आहे, एका कुटुंबाला दाखल्यासाठी हवंय. असेल तर दादाच्या मित्राकडे परतीच्या वेळी द्या.