नऊ सप्ताह हवेत

चँडलर, ॲरिझोना
८ फेब्रुवारी, रविवार

ती. अण्णांस,
सुधीरचा शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक. मागच्या रविवारी तुम्ही दोनदा ‘हॅलो हॅलो’ केलंत आणि फोन आईच्या हातात दिलात, तेव्हाच ठरवलं की हे आता कागदावरच लिहायचं. ग्रुपवर टाकलेल्या विमानाच्या फोटोला काकांच्या बंड्यानं नुसता अंगठा दाखवला. तुम्ही मात्र आईकरवी विचारलंत, “हे कुठलं खेळणं टांगलंय?” खेळणं नाही ते. खरं विमान आहे आणि त्याची गोष्ट तुमच्याच कामाची आहे. कॅन्सरच्या पेशंटांसाठी पैसे जमवत मोटारसायकलवरून विक्रम करायचं बंड्यानं काढलंय, त्याचं काय करायचं तेही त्यातच येईल.

कंपनीच्या कामाला लास व्हेगासला गेलो होतो. तिथं विमानतळावरच जुगाराची यंत्रं मांडलेली असतात, माणूस बाहेर पडेपर्यंतही त्यांना धीर धरवत नाही. बॅगांच्या पट्ट्यापाशी उभा होतो. माझी बॅग काही येईना, म्हणून मान वर केली तर डोक्यावर हे विमान. कुशीवर मोठ्या अक्षरांत ‘हॅसिएंडा’ लिहिलेलं. खाली शंभरेक माणसं होती, पण सगळ्यांचे डोळे पट्ट्यावर. वर बघणारा मी एकटाच.

सेसना १७२. चार माणसांचं, एका इंजिनाचं विमान, फ्लाइंग क्लबात पोरं शिकतात त्यातलं. ते ४ डिसेंबर १९५८ ला दुपारी चारच्या आत-बाहेर याच विमानतळावरून उडालं आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला खाली टेकलं. मधे एकदाही नाही. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं आणि ५ सेकंद. माणसं बसलेल्या विमानाचा हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. कालच त्याला सदुसष्ट वर्षं झाली. तेव्हा आपली एसटी जेमतेम दहा वर्षांची होती आणि महाराष्ट्र व्हायचा होता.

तुमच्या हिशेबात सांगतो. ६४ दिवस म्हणजे आपल्या देवळातले नऊ सप्ताह एकाला एक जोडून, आणि वर जवळजवळ दोन दिवस. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्री दोनच्या पहाऱ्याला पेंगुळलेला वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात वीणा घालूनच बाजूला होतो, तसंच हे. फक्त पहारेकरी दोनच, आणि वीणा टेकली तर जीवच जायचा.

पहिला बॉब टिम. त्यानं महायुद्धात बॉम्बफेकी विमानं चालवली होती आणि तेव्हा तो हॅसिएंडा नावाच्या हॉटेलात जुगाराची यंत्रं दुरुस्त करायचा. म्हणजे तुमच्याच जातीचा, पान्हा घेऊन फिरणारा. हॉटेल नवं होतं, गावाच्या टोकाला, तिथवर गिऱ्हाईक यायला पाहिजे. मालकाला यानंच सुचवलं की विमानावर हॉटेलचं नाव लिहू आणि विक्रम करू. मालकानं एक लाख डॉलर काढले. पण नुसती जाहिरात बरी दिसणार नाही म्हणून सगळं कॅन्सरच्या मदतीला जोडलं. डेमन रनियन नावाचा एक पत्रकार घशाच्या कॅन्सरनं गेला होता, त्याच्या नावानं १९४६ पासून तिकडे संशोधनासाठी निधी जमवतात, त्या निधीसाठी हे उड्डाण.

आता तुम्ही म्हणणार, “मी बंड्याला हेच सांगत होतो! नाव स्वतःचं, पुण्य कॅन्सरवाल्यांच्या खात्यावर.” थांबा जरा. त्यावर येतो.

आधी इंजिन, कारण मला ठाऊक आहे तुम्ही तेच शोधत असाल. सहा सिलिंडर, १४५ हॉर्सपॉवर. एकदा सुरू केलं ते १५५८ तास बंद केलं नाही. ताशी चाळीसनं चाललेली गाडी धरली तर बासष्ट हजार किलोमीटर, चावी न फिरवता. ऑइल चालू इंजिनात बदलायचं. त्यासाठी जादा पाइप आणि व्हॉल्व्ह बसवून अशी सोय केली होती की जुनं ऑइल आणि फिल्टर आत बसूनच बदलता यावेत. मी कागदावर नकाशा काढून पाहिला, सोबत पाठवतोय. तुम्ही वर्कशॉपात आयुष्य काढलंत, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पेट्रोलची तऱ्हा ऐका. पोटाखाली साधारण ३६० लिटरची जादा टाकी लावली होती. दिवसातून दोनदा कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर ब्लाइथ नावाच्या गावाजवळ एका सरळसोट रस्त्यावर यायचं. खालून टँकर जीव खाऊन पळतोय, वर विमान पडणार नाही इतपत हळू उडतंय. दोघांतला एक दार उघडून बाहेरच्या फळीवर उभा राहणार, दोरीला बांधलेला आकडा विंचनं, म्हणजे दोर सोडायच्या-ओढायच्या यंत्रानं, खाली सोडणार, टँकरवरचा माणूस त्याला नळी अडकवणार, ती वर ओढून टाकीत घालायची. असं सव्वाशेहून जास्त वेळा. रात्रीसुद्धा. सांगा, तुमच्या डेपोतला कोण तयार झाला असता?

जेवण हॉटेलच्या स्वयंपाकघरातून, पण थर्मासच्या तोंडातून आत जावं म्हणून सगळं बारीक चिरून कोंबलेलं. त्यामुळे उत्तम मटणाचाही लगदा. शेजारची सीट काढून चार फूट बाय चार फूट फोमची गादी टाकलेली, म्हणजे आपल्या मोरीपेक्षा थोडी मोठी जागा. तिथंच झोप, तिथंच दाढी. आंघोळीला दिवसाआड लिटरभर पाणी. प्रातर्विधीचं विचारू नका. घडीचं भांडं आणि प्लास्टिकच्या पिशव्या. आईला हे वाचून दाखवू नका, ती आठवडाभर माझ्या विमानप्रवासाची काळजी करत बसेल.

चोरून कुठं उतरले नाहीत याची खात्री कशी करायची? तर उडाल्या उडाल्या विमान धावपट्टीवर अगदी खाली आणलं, खालून एक मोटार त्याच्या वेगानं पळवली आणि मोटारीतल्या माणसानं हात वर करून टायरना पांढरा रंग फासला. उतरले असते तर रंग घासला असता. सहीशिक्क्यापेक्षा मला हा बंदोबस्त फार आवडला.

हा काही पहिला प्रयत्न नव्हता. टिम आधी तीनदा उडाला होता, जास्तीत जास्त सतरा दिवस टिकला. पहिल्या जोडीदाराशी जमलंही नाही. तेवढ्यात सप्टेंबरात टेक्सासमध्ये डॅलसला दोघांनी अशाच सेसनात पन्नास दिवस काढले, म्हणजे दोर आणखी वर बांधला गेला. मग टिमनं जॉन कुक नावाचा विमानाचा मेकॅनिक बरोबर घेतला. माझ्या मते विक्रम तिथंच झाला. गादीएवढ्या जागेत दोन महिने काढायचे तर सोबतीचा माणूस इंजिनाइतकाच तपासून घ्यायला हवा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

छत्तिसाव्या दिवशी, पहाटे तीनला पाच कमी, ब्लाइथच्या वर टिमचा डोळा लागला. कुक मागे गादीवर झोपलेला. विमानात आपोआप सरळ धरून ठेवणारं यंत्र होतं, ऑटोपायलट. त्याच्या जिवावर विमान तासाभरावर चार हजार फुटांवरून आपलं आपण चालत राहिलं. टिमला जाग आली तेव्हा खालचे दिवे कुठल्या गावाचे तेच त्याला बराच वेळ ओळखू येईना. हे कुकला कधीच सांगायचं नाही, अशी त्यानं मनाशी शपथ घेतली. आणि अण्णा, त्यानंतर काही दिवसांतच ते ऑटोपायलट बिघडलं. तो डुलका चार दिवस उशिरा लागला असता तर बॅगांच्या पट्ट्यावर टांगायला काही उरलंच नसतं.

एकोणचाळिसाव्या दिवशी जनरेटर गेला. पोटातल्या टाकीतलं पेट्रोल पंखातल्या टाक्यांत चढवणारा विजेचा पंप बंद, मग हातानं पंप मारायचा. हीटर गेला, ऐन जानेवारीत. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, पेट्रोलचा काटा, उतरायचे दिवे, विंच, एकेक करून सगळी साथ सोडत गेली. २३ जानेवारीला पन्नासचा आकडा मागे पडला होता, तेव्हा उतरायला हरकत नव्हती. पण पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून हे आणखी दोन आठवडे फिरत राहिले. शेवटी प्लगवर आणि सिलिंडरच्या डोक्यात इतका कार्बन धरला की टाकी भरल्यावर विमान वर चढेना. तेव्हा उतरले. दोघांना हात देऊन खाली काढावं लागलं. तोवर अंतर झालं होतं सुमारे दीड लाख मैल, म्हणजे पृथ्वीला सहा फेऱ्या, आणि गेले कुठं म्हणाल तर वाळवंटावर घिरट्या घालून जिथून निघाले तिथंच. पुन्हा करशील का असं कुकला विचारलं, तर म्हणाला, त्यापेक्षा मी कचऱ्याच्या डब्यात व्हॅक्युम क्लीनर चालू करून स्वतःला कोंडून घेईन.

ते हॉटेल आता नाही. १९९६ च्या शेवटच्या रात्री सुरुंग लावून पाडलं, तिथं दुसरं मोठं उभं आहे.

काल लॉस एंजेलिसला जाताना मुद्दाम ब्लाइथला थांबलो. वाळवंटात एकदम कोलोराडो नदी येते आणि दोन्ही बाजूंना हिरवंगार. पेट्रोलपंपावर उतरलो तर नाकात ओळखीचा वास. लसूणघास! मैलच्या मैल लसूणघासाची शेतं, आणि कापून बांधलेले गठ्ठे घरांएवढे रचलेले. आपल्या गोठ्यातल्यासारखाच वास, फक्त म्हशी दिसेनात. तिथल्या एका सरळ रस्त्याकडेला घड्याळ लावून तीन मिनिटं उभा राहिलो. एकेका वेळी नळी साधारण तेवढा वेळ लागलेली असायची. दोन ट्रक गेले. वाऱ्यानं टोपी उडाली. नुसतं उभं राहायला तीन मिनिटं लांब वाटली.

तर बंड्या. काश्मीर ते कन्याकुमारी कमीत कमी वेळात मोटारसायकलवरून, दर किलोमीटरला लोकांनी दोन-पाच रुपये द्यायचे, आणि ते पैसे तालुक्यातून टाटाला जाणाऱ्या पेशंटांच्या जाण्यायेण्याला आणि जेवणाला. फोनवर मी तुमची री ओढली होती, “द्यायचे तर सरळ द्या, हे नाटक कशाला?” आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. काकूला कॅन्सरसाठी लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला न्यायचो तेव्हा आपण दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत सव्वा महिना राहिलो. तेव्हा तिथं टेकायला जागा मिळाली ती कुणाकुणाच्या देणगीतूनच, आणि ती त्यांनी कशापायी दिली हे आपण विचारलं नव्हतं. आपल्या विठ्ठलाच्या देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलंय. लाईट गेल्याशिवाय ते नाव वाचता येत नाही, पण वारा सगळ्यांना लागतो. बंड्याला त्याच्या आईसाठी, आपल्या काकूसाठी, काहीतरी करायचंय आणि त्याला हेच येतं. वर पेपरात फोटो आला तर येऊ दे.

नाव मिरवायची मला भीती नाही, मला भीती पहाटे तीनची आहे. ब्रेकडाऊन व्हॅनमध्ये रात्री ड्रायव्हरशी गप्पा मारत राहायचं हा तुमचा नियम होता, माणूस कितीही कंटाळवाणा असला तरी. मोटारसायकलवर गप्पा मारायला कोण? आणि तिला ऑटोपायलट नसतो.

म्हणून त्याला माझ्या वतीनं सांगा. दर किलोमीटरला मी दहा रुपये देतो. साडेतीन हजारांच्या वर किलोमीटर आहेत, हिशेब त्यानं करावा. पण उजेडात कापलेले किलोमीटरच मोजायचे. दिवस मावळल्यावर पुढच्या एकाही किलोमीटरचा रुपया मिळणार नाही. विक्रम झाला नाही तरी चालेल, पैसे तेवढेच जमतील. आणि रोजची लॉगशीट तुम्ही ठेवायची, सुटल्याची आणि थांबल्याची वेळ, मीटरच्या फोटोसकट. तो तुमच्यापुढं खोटं बोलत नाही.

आईला सांगा, मेतकूट पोचलं, डबा वाटेत फुटला होता पण पिशवीतलं वाचलं. गुडघ्याचा पट्टा या महिनाअखेर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. काकांना नमस्कार.

तुमचा,
सुधीर

ता. क. ऑइलच्या नकाशात दुसरा व्हॉल्व्ह मी चुकीच्या बाजूला दाखवलाय अशी शंका येते. लाल पेननं दुरुस्त करून बंड्याकडून फोटो पाठवा.